ढिल्या स्क्रूवर चाललेलं दुकान

परळला बाबांचं हार्मोनियम आणि बेंजो रिपेअरिंगचं दुकान, दुकान म्हणजे काय तर जिन्याखालची आठ बाय सहाची जागा. गणपतीच्या आधीचे दोन महिने जेवायला फुरसत नसायची, बाकी वर्षभर भजनी मंडळांच्या पेट्यांचे भाते नि सूर. २००९ ला मी बसायला लागलो तेव्हा कॉलेजची पोरं इलेक्ट्रिक गिटार घेऊन यायची, बाबा म्हणाले हे तुझं तू बघ, मला त्यातलं कळत नाही. मला तरी कुठे कळत होतं!

पहिलं गिऱ्हाईक आठवतं. पोरगा म्हणाला, दादा फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) गेलेत, बझ येतोय, तार झरझरते, एका ठिकाणी घासायचे अडीच हजार सांगितलेत. मी जाड ई ची तार छेडली, झर्रर्र. मग तार वाजत असतानाच तिच्या सॅडलच्या (ब्रिजच्या प्लेटवरचा तार टेकते तो छोटा तुकडा) स्क्रूवर नख दाबून बघितलं, दुसऱ्याच स्क्रूवर झर्र गायब. स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) टाइप गिटारला सहा सॅडल असतात, प्रत्येकाला उंचीचे दोन बारीक स्क्रू, म्हणजे बारा झाले, त्यातला एक जरी खालच्या प्लेटवर नीट टेकला नाही तरी तो थरथरतो आणि माणूस फ्रेटला शिव्या घालतो. शून्य शून्य नऊच्या (०.००९ इंची) पातळ तारा असतील तर अजूनच, वरून दाबच पुरेसा नसतो. त्या पोराकडून पन्नास रुपये घेतले, आणि त्याने अख्ख्या बँडला आमच्याकडे पाठवलं.

मग मी शेफारलो. स्क्रू परत ढिला होऊ नये म्हणून लाल थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावायला लागलो. तीन महिन्यांनी एक जण जाड तारा टाकून ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर घ्या म्हणत आला, स्क्रू हलेचना, जोर केला तर ॲलन की (षटकोनी चावी) आतल्या आत फिरली, भोक गोल. सोल्डरिंग गनचं टोक टेकवून तापवलं तेव्हा कुठे निघाला, नवीन सॅडल माझ्या खिशातून. तेव्हापासून फक्त जांभळं, कमी पकडीचं, ते लॉकटाइटचं २२२ नंबरचं, तेही सुईच्या टोकाएवढं. नसेल तर रंगहीन नेलपॉलिश, हसू नका, चालतं. आणि कीचं माप आधी बघायचं, अमेरिकन गिटारला बहुतेक १.२७ मिमी लागते, स्वस्तातल्यांना १.५, हाताला दोन्ही सारख्याच वाटतात आणि वाट इथेच लागते.

ट्रेमोलो ब्रिजचे (दांडीने हलवून सूर खालीवर करायचा ब्रिज) लाकडात जाणारे स्क्रू हा वेगळा ताप. बॉडी मऊ लाकडाची, कुणीतरी ड्रायव्हरने पिळपिळ पिळलेली असते, आटे स्क्रूचे नाही लाकडाचे गेलेले असतात. आगकाडी फेविकॉलात बुडवून ठोकणारे भरपूर आहेत, मीपण केलंय, तात्पुरतं ठीक. आता भोक मोठं करून गोल लाकडी खुंटी बसवतो, एक रात्र ठेवतो, सकाळी नवीन बारीक भोक पाडून स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासून हळू फिरवतो. गिऱ्हाईकाला आजच पाहिजे असतं, मी देत नाही, भांडणं झाली आहेत यावरून.

बाबा हे सगळं कोपऱ्यातून बघायचे. एकदा म्हणाले, गंमत आहे, तानपुऱ्याच्या घोडीवर हीच झार यावी म्हणून जवारीवाला दिवसभर घासत बसतो आणि तू ती घालवायचे पैसे घेतोस.

२०१६ ला रस्त्यावरचा गाळा भाड्याने घेतला, आता दोन पोरं हाताखाली आहेत. ब्रिज टाइट करायचे १५० घेतो, तारा आमच्याकडून टाकल्या तर फुकट. बेंजोवाले अजून येतात, त्यांचं रात्री बारानंतरपण करून देतो. ॲलन की मात्र कुणालाच उसनी देत नाही, दोनदा दिली, दोन्ही गेल्या.