क्रानेनबुर्गवरून केवेलार, पायी

आईची मोत माउलीची, म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरीची वारी गेल्या वर्षी चुकली. दर सप्टेंबरात ती आणि मावशी वसईहून ट्रेनने बोरिवलीला उतरायच्या आणि तिथून बांद्र्याच्या टेकडीपर्यंत चालत जायच्या, पिशवीत माउलीला वाहायला मेणाचा पाय, कारण दोघींचेही गुडघे दुखायचे. गेल्या जुलैत आई गेली. मी इकडे हॉलंडात नायमेखेनला, तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत माती झाली होती. फुलं सुकलेली कबर बघितली आणि दहा दिवसांनी परत आले, ऑफिस सुरू, मुलाची शाळा सुरू. रडायचं राहूनच गेलं. त्यामुळे यंदा आमच्या चर्चमधल्या काही जणांनी ऑगस्टात केवेलारला, जर्मनीतल्या माउलीच्या यात्रेच्या गावी, चालत जायचं काढलं तेव्हा मी कोणाला न विचारता नाव देऊन टाकलं.

आम्ही अकरा जण. पुढे क्रूस, मागे सामानाची गाडी, मध्ये रोझरी, म्हणजे माळेचे मणी दहादहाने मोजत म्हणायची प्रार्थना. बॉर्डर कधी ओलांडली ते कळलंच नाही, वीलर गाव आलं आणि रस्त्यावरच्या पाट्या जर्मन झाल्या एवढंच. सोबतच्या आजोबांनी डावीकडची झाडीची टेकडी दाखवली, युद्धानंतर 1949 ला हॉलंडने ती जर्मनीकडून घेतली, 1963 ला बाकीची बरीच जमीन परत दिली पण टेकडी ठेवली. आता तिथे लोक कुत्री फिरवतात, आणि उलट कितीतरी डच लोक इकडे जर्मनीत राहायला आलेत, कारण घरं स्वस्त. आजोबा लहानपणी इथूनच सायकलवर जायचे तेव्हा थांबवून पिशव्या तपासायचे म्हणे.

मला पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास झाला तो आमच्या पुढाऱ्याचा. माणूस भला आहे, पण रोझरी इतकी पळवायचा की त्याचं अर्धं वाक्य संपायच्या आत आमचं उत्तर सुरू व्हावं. मी शेवटी डच सोडून दिलं आणि मागे राहून मराठीतच नमो मरिये म्हणत चालले, आईच्या चालीवर. ती प्रत्येक दहाच्या शेवटी एक श्वास थांबायची. तो श्वास मला हवा होता.

क्रानेनबुर्ग छोटंसंच, पण तिथला पवित्र क्रूस केवेलारच्याही आधीचा. एका मेंढपाळाला ईस्टरला चर्चमध्ये घेतलेली पवित्र भाकर गिळता आली नाही, त्याने ती झाडात टाकली, पुढे 1308 मध्ये ते झाड तोडलं तेव्हा आत लाकडात ख्रिस्ताची मूर्ती सापडली, अशी कथा आहे, आणि तेव्हापासून लोक येतात. विटांचं मोठं देऊळ, आत गार. मी बूट काढून फरशीवर पाय टेकवले आणि उठावंसंच वाटेना.

बाहेर आलो तर जुन्या रुळांवर पायडल मारत जायच्या गाड्या. नायमेखेन ते क्लेव्ह ट्रेन 1991 ला बंद झाली, आता त्याच रुळांवर लोक सुट्टीचे असे फिरतात. एका गाडीवर दहाबारा पोरं, बिअर, स्पीकर फुल. मला मनापासून राग आला. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाला आमचा क्रूस दिसला, त्याने गाणं बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, आम्ही पार होईपर्यंत. मग माझा राग कुठे गेला ते मलाच समजलं नाही.

क्लेव्हला हंसाचा किल्ला लांबून बघितला, हॉलमध्ये मॅटवर झोपलो.

दुसऱ्या दिवशी राइख्सवाल्डचं जंगल आणि त्यातलं ब्रिटिशांचं युद्धाचं कब्रस्तान. साडेसात हजारांहून जास्त कबरी, पांढरे दगड एकाच उंचीचे, 19 वर्षं, 20 वर्षं, 22 वर्षं. तिथे पुढारीही गप्प झाला. काही दगडांवर नाव नाही, फक्त लिहिलंय की हा कोण ते देवाला ठाऊक. म्हणजे यांच्या आयांना कबरसुद्धा दाखवता आली नाही. मला आईची कबर निदान माहीत आहे, फणसाच्या बाजूची, तिसरी.

गॉखला संत आर्नोल्ड यान्सेनचं गाव म्हणून थांबलो. 1837 चा जन्म, त्यांनी काढलेल्या संघाचे फादर आपल्या पुण्यात वडगाव शेरीला शाळा चालवतात, तिथे माझा मामेभाऊ शिकला. हे सांगितल्यावर सगळे माझ्याकडे अशा प्रेमाने बघायला लागले जशी मी त्यांच्या आळीतली.

आणि मग गॉख आणि वेझेच्या मधली दुपार. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा मका, वारा नाही, डांबर तापलेलं. उजव्या टाचेचा फोड सकाळपासून होताच, आता डावीलाही आला आणि मोजे ओले होऊन चिकटले. पुढारी म्हणाला गाडीत बस. मी नाही म्हटलं. तो परत म्हणाला, सगळ्यांना उशीर होतो. खरं होतं ते, तरीही मी इतक्या जोरात नाही म्हणाले की ते पुढे निघून गेले आणि मी एकटी, एकेक झाड मोजत.

एका शेतघराच्या निळ्या फाटकाशी एक म्हातारी पाइपने जिरॅनियमला पाणी घालत होती. माझ्या चालण्याकडे बघितलं आणि एकच शब्द, "केवेलार?" मी मान हलवली. तिने पाइप टाकला, माझ्या दंडाला धरून बाकावर बसवलं आणि आत गेली. बाहेर आली ती इनॅमलचं टोपलं घेऊन, कड तुटलेली, कोमट पाणी आणि मूठभर जाडं मीठ. पाय बुडवला आणि मी ओरडलेच. ती हसली नाही, घाई पण नाही, माझ्यासमोर स्टुलावर बसून सुई लायटरवर धरत होती. पांढरा दोरा ओवला, फोडातून आरपार नेला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला, म्हणजे पाणी हळूहळू निघत राहतं. आई पण हेच करायची! अगदी हेच, बोरिवलीच्या रस्त्याकडेला, मावशीच्या पायाला, फक्त वर खोबरेल लावायची. मी ते जर्मनमध्ये सांगायला गेले आणि मला फक्त "मामा" एवढंच आलं, जर्मनमध्ये मामा म्हणजे आई. ती म्हणाली, "तोट?" गेली का. मी हो म्हटलं आणि तिथे, परक्या अंगणात, मिठाच्या पाण्यात पाय ठेवून, एका वर्षाचं रडू आलं. तिने थांबवलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली, पाइपचं पाणी अंगणभर वाहत होतं.

निघताना लोकरीचे राखाडी मोजे दिले, नवऱ्याचे, तोही गेलेला. आणि हातात दोन युरोचं नाणं दाबलं, त्याच्या नावाने मेणबत्ती लाव म्हणाली. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

वेझेला उशिरा पोचले. कोणी काही बोललं नाही, पुढाऱ्याने माझ्यासाठी सूप झाकून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी नीर्स नदीच्या काठाने, विस्सनचा वाडा मागे टाकून केवेलार. ऑगस्टातला हा तमिळ लोकांच्या यात्रेचा दिवस, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. वळण घेतलं आणि मोगऱ्याचा वास. कांजीवरम साड्या, गजरे, हजारो माणसं, बहुतेक श्रीलंकेहून युद्धामुळे आलेली, त्यात हिंदूही कितीतरी, कपाळाला विभूती आणि हातात मेणबत्ती. नऊ वर्षांत एवढी आपली माणसं मी युरोपात एका जागी बघितली नव्हती.

माउलीचं चित्र बघायला रांग लावली, मध्ये दोन कुटुंबं घुसली तेव्हा चिडलेही. मग समोर आलं. एवढंसं! तळहाताएवढा कागद, छापलेला, 1642 पासून इथे आहे. बुसमन नावाच्या फेरीवाल्याला रस्त्यातल्या क्रूसापाशी तीनदा आवाज आला की इथे माझ्यासाठी छोटं देऊळ बांध, आणि त्याने साठवलेल्या पैशांतून ते बांधलं. दुःखितांचं सांत्वन करणारी म्हणतात तिला. आजूबाजूला युद्ध आणि प्लेग चालू असताना एका फेरीवाल्याने हे केलं, मला त्याचंच जास्त वाटत राहिलं.

दोन मेणबत्त्या लावल्या. आईची लगेच पेटली. दुसरी वाऱ्याने तीनदा विझली, तेव्हा शेजारच्या तमिळ आजीने पदराचा आडोसा धरला आणि डोळ्यांनीच विचारलं कोणासाठी. मी म्हटलं, ओमाचा नवरा, जर्मनमध्ये ओमा म्हणजे आजी. तिला काय समजलं देव जाणे, पण ज्योत धरेपर्यंत तिने पदर हलवला नाही.

संध्याकाळी स्टेशनवरून मावशीला फोन लावला.

"पोचलीस का गं बाय?"

"पोचले. आईची मेणबत्ती लावली."

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "पाय कसे आहेत? खोबरेल लावलंस का?"