काळा धूर दिसला की आधी व्हॅक्यूमच्या नळ्या बघा

आजचा दिवस १९९० च्या फोर्ड एफ-१५० पिकअपवर गेला. ५ लिटरचं इंजेक्शन इंजिन, प्लग काजळीने काळेठिक्कर, पेट्रोलचा उग्र वास, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. अशा वेळी लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका हो, पैसे वाया जातात! आधी फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी काढा. आत पेट्रोल दिसलं की रेग्युलेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) फाटलाच समजा.

कोरडी असेल तर मॅप सेन्सरची (इंजिनच्या इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची) नळी बोटांनी वाकवून चिरा शोधा. या इंजिनात हवा थेट मोजली जात नाही, या दाबावरून अंदाज घेतला जातो; नळी फुटली की कॉम्प्युटरला कायम फुल लोड वाटतो आणि तो पेट्रोल वाढवत राहतो.

मग कूलंट सेन्सर, म्हणजे इंजिनातल्या कूलंटचं तापमान सांगणारा. मीटरने त्याचा रोध मोजा: २० अंश सेल्सिअसला साधारण ३७ किलो-ओहम, इंजिन पूर्ण तापल्यावर ३ च्या आसपास. तापूनही आकडा उतरत नसेल तर सेन्सर नाहीतर कनेक्टर गेलाय; कॉम्प्युटरला इंजिन थंडच वाटतं आणि तो पेट्रोल जास्त देतो.