श्रावण वद: बोळ चोथ ते आठम

आपला मराठी श्रावण शुद्ध पक्षातच भरात येतो. नागपंचमी, शुक्रवारची जिवती, मंगळागौरी, नारळी पौर्णिमा. पौर्णिमा झाली की गोकुळाष्टमी आणि शेवटी पोळा. गुजरातेत मात्र पौर्णिमा उलटल्यावर घर खरं कामाला लागतं. वद पक्षातली चोथ, पांचम, छठ, सातम, आठम असे पाच दिवस ओळीनं येतात, आणि प्रत्येक दिवसाचं खाणं वेगळं, कहाणी वेगळी. मी माहेरची नाशिकची, सासर बडोद्याचं, गुजराती. लग्न होऊन इथे आल्यावर वर्षभरातल्या सगळ्या सणांत मला याच पाच दिवसांनी ओढून घेतलं. इतकी वर्षं झाली तरी त्यांची ओढ कमी झालेली नाही.

आधी थोडं पंचांगाचं. गुजराती महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपतो, त्यामुळे मराठी सुनेला महिना शोधावा लागत नाही. आमच्या शेजारच्या काकू कानपूरच्या. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा श्रावण आमच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि जन्माष्टमी त्यांच्या भाद्रपदात येते. दिवस तोच, महिना निराळा. आपल्यात आणि गुजरात्यांत फरक आहे तो वर्ष सुरू होण्याचा. आपलं शक चैत्र पाडव्याला बदलतं, इथलं विक्रम संवत दिवाळीनंतर कार्तक सुद एकमेला, म्हणजे बेसतां वरसला. २२ ऑक्टोबर २०२५ ला संवत २०८२ लागलं. (कच्छी लोकांचं नवं वर्ष तर आषाढी बीजेला.) त्यामुळे श्रावण आपल्याला वर्षाचा पाचवा महिना, तर इथे दहावा. आमच्या घरात माझं कालनिर्णय भिंतीवर आणि बांचं जन्मभूमी पंचांग देवघराच्या फळीवर. बा म्हणजे माझ्या सासूबाई.

बोळ चोथेला गाय-वासराची पूजा. त्या दिवशी गहू खायचा नाही, सुरी-विळी लावलेलं काही खायचं नाही, दळण-कांडण नाही. आमच्याकडे बाजरीचा रोटला आणि अख्खे मूग असतात. गाईचं दूध, दही, तूप त्या दिवशी वासराचं. कहाणी अशी: सासू नदीवर जाताना सुनेला सांगते की घउंला रांधून ठेव. तिच्या मनात गव्हाचा खीचडो. घरातल्या गव्हाळ रंगाच्या वासराचं नावही घउंलाच. सून बिचारी वासरू कापून रांधते. सासू परत येते, दोघी हादरतात, ते मडकं गावाबाहेर नेऊन पुरतात. संध्याकाळी गाय चरून येते, शिंगांनी माती उकरते, मडकं फुटतं आणि वासरू जिवंत उठून तिला लुचायला लागतं. गळ्यात मडक्याचा काठ अडकलेला.

बांनी पहिल्यांदा ही कहाणी सांगितली तेव्हा मी मधेच पुढचं सांगायला लागले. ही तर आमची वसुबारसेची कहाणी! गव्हाळी-मुगाळी शिजवून ठेव म्हणणारी सासू, गव्हाळी-मुगाळी नावाची वासरं आणि घाबरून गेलेली सून. आईच्या तोंडून ती मी आश्विन वद्य बारसेला ऐकत आले होते. आपल्याकडेही त्या दिवशी गहू आणि मूग वर्ज्य. इथे मूगच खायचे, एवढा फरक. तीच गाय आणि तीच सासू-सून, फक्त सव्वादोन महिन्यांच्या अंतरावर. गुजरातेत आसो वद बारस म्हणजे वाघ बारस, दिवाळीची सुरुवात. पण गाय-वासराची ही कहाणी आमच्या घरात श्रावणातच सांगतात. मी दोन्ही दिवस पाळते. श्रावणात बांच्या पद्धतीनं, आश्विनात आईच्या.

नाग पांचम साधी. पाणियाऱ्यावर, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या जागी, नाग काढायचा आणि कुलेरचा नैवेद्य. बाजरीच्या पिठात तूप-गूळ कालवून वळलेले मुटके म्हणजे कुलेर. ते चुलीवर चढत नाहीत. माझी नागपंचमी शुद्ध पंचमीला उकडीच्या दिंडांनी आधीच होऊन गेलेली असते.

रांधण छठ हा मात्र दिवसभराचा कारखाना. दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून सातमेचं सगळं जेवण छठीला करून ठेवायचं. मेथीचे थेपले, बाजरीचे वडे, तिखट पुऱ्या, सुखडी, कंटोळ्यांची कोरडी भाजी, तळलेल्या मिरच्या. कंटोळी म्हणजे आपली कर्टुली. ती याच दिवसांत बाजारात येतात आणि खंडेराव मार्केटमध्ये छठीच्या आदल्या दिवशी त्यांचा भाव चढलेला असतो. तरी घेतली जातात. थेपल्यांची लाटणी संपता संपत नाही. पूर्वी हे सगळं बा, जाऊबाई आणि मी तिघी करायचो आणि संध्याकाळी तिघींच्याही पाठीचा काटा ढिला व्हायचा. चुलीला विश्रांती देणाऱ्या व्रताआधी बायकांनी एका दिवसात दोन दिवसांचं राबायचं, हे मला पटत नव्हतं, आणि मी ते बोलून दाखवलं. बांनी शांतपणे ऐकलं. पुढच्या वर्षापासून तळणीवर माझा नवरा आणि मुलगा असतात. बाजरीचा वडा थापायला मुलगा माझ्यापेक्षा चांगला शिकलाय. व्रताला यानं कुठेही बाध आला नाही, आणि बांनीच तो निर्णय घेतला याचा मला फार अभिमान आहे.

रात्री सगळं आवरलं की शेगडी धुऊन पुसून कोरडी करायची. कुंकवाचा चांदलो म्हणजे टिळा, अक्षता, कापसाचं नागलं म्हणजे माळ. जुन्या घरात चुलीत कपाशीचं रोप ठेवायचे. आम्ही गॅसच्या ओट्यावर ठेवतो. मग सातमेला सकाळी थंड पाण्यानं आंघोळ, शीतळामातेची पूजा, आणि दिवसभर टाढं, म्हणजे थंड खाणं. चहासुद्धा नाही. मायक्रोवेव्ह चालेल का, असा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं. बांचं उत्तर ठरलेलं: अग्नी दिसो न दिसो, ऊन केलेलं ते ऊनच. मला हे उत्तर आवडतं. एक दिवस घरात काहीच गरम होत नाही, हाच तर या व्रताचा गाभा आहे.

शीतळा सातमेची कहाणी आमच्याकडे पूजेनंतर सगळ्यांनी बसून ऐकायची असते. धाकटी सून छठीला रांधून थकते, पाळण्यातल्या बाळाला पाजता पाजता तिचा डोळा लागतो, चूल धगधगतीच राहते. रात्री शीतळामा घरोघर चुलीत लोळायला येते ती तिथे भाजते. शाप देते, जसं माझं अंग पोळलं तसं तुझं पोट पोळो. सकाळी बाळ पाळण्यात जळून गेलेलं. सून त्याला टोपलीत घालून मातेला शोधायला निघते. वाटेत दोन तळी भेटतात, त्यांचं पाणी कुणी पीत नाही. पुढे दोन बैल, गळ्यात जात्याचे दगड बांधलेले, सारखे झुंजताहेत. दोघांचंही गाऱ्हाणं घेऊन ती पुढे जाते. झाडाखाली एक म्हातारी डोकं खाजवत बसलेली. सून टोपली तिच्या मांडीवर देते आणि तिच्या उवा बघते. म्हातारीचं डोकं थंड होतं, बाळ रडायला लागतं. मग कळतं की तळी गेल्या जन्मी सवती होत्या, शेजाऱ्यांना ताक द्यायचं तर पाणी घालून द्यायच्या. बैल जावाजावा होत्या, आपल्या जात्यावर कुणाला दळू देत नव्हत्या.

मला या कहाणीत सगळ्यात काय पटतं तर ही पापं. ताक आणि जातं. राजाचे अपराध नाहीत, शेजारधर्म मोडल्याचे आहेत. आपली शिळासप्तमीची कहाणी श्रावण शुद्ध सप्तमीची. तिच्यात राजानं खणलेलं तळं आहे आणि त्या पाण्यासाठी दिलेलं बाळ. कथा वेगळी, पण शेवटी आईच्या हाती मूल परत येतं ते दोन्हीकडे.

शीतळा म्हणजे देवी, अंगावर येणारी. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जगातून रोग हद्दपार झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. बांच्या दंडावर लसीचे मोठे वण आहेत, माझ्याही आहेत, मुलांच्या नाहीत. म्हणून व्रत संपवायचं का? मला नाही वाटत. मुलाला ताप आला की आईचं काळीज हलतं ते आजही हलतंच. मुलांना सगळ्या लशी वेळेवर दिल्या आणि सातमेला टाढंही खाल्लं.

आठमेला उपास, रात्री बाराला कृष्णजन्म, नोमला पारणं. सौराष्ट्रात या दिवसांना सातम-आठम असंच म्हणतात आणि तिकडे दिवाळीइतकी सुट्टी असते. राजकोटचा लोकमेळा तेव्हाच भरतो. जाऊबाईंचं माहेर तिकडचं, त्या सातमेचं थंड जेवण डब्यात बांधून मेळ्याला जायच्या.

नव्यानं गुजरातेत राहायला आलेल्या मराठी मैत्रिणींसाठी थोडं कामाचं. कालनिर्णयावरची नागपंचमी झाली म्हणजे इथली झाली असं समजू नका, शेजारणीला विचारा. एखाद्या वर्षी तिथीचा क्षय असतो आणि दोन तिथी भेळ्या, म्हणजे एकाच दिवशी, येतात, तेव्हा रांधण कधी करायचं ते आधीच ठरवून घ्या. थेपल्याचं पीठ दह्यात भिजवा, तेलाचं मोहन सढळ घाला, पाणी शक्यतो नकोच, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते मऊ राहतात. बाजरीच्या वड्यात थोडं गव्हाचं पीठ, आंबट दही, गूळ, तीळ, ओवा आणि आलं-मिरची. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. बटाट्याची रसभाजी करू नका, पावसाळी हवेत सकाळपर्यंत टिकत नाही.