पान नंबर किती?

"एस्परान्झा लाडावलेली आहे आणि गरीब मुलीशी वाईट वागते." पाचवीतल्या आमच्या कन्येने वर्गातल्या कादंबरीच्या नायिकेबद्दल गृहपाठात हे लिहिलं. मी म्हटलं, अगं, तिच्या वडिलांचा खून झालाय, घर जळून खाक झालंय, जरा मायेने लिही! तर उत्तर आलं, "आई, माझ्याकडे पान नंबर आहे."

इथे न्यू जर्सीत तिला वर्गात 'एस्परान्झा रायझिंग' वाचायला आहे, पॅम मुन्योस रायन यांची २००० सालची कादंबरी. १९३०च्या सुमाराचा मेक्सिको. जमीनदाराची लाडकी लेक रातोरात कंगाल होते आणि आईबरोबर कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या वस्तीत येऊन पडते. आगगाडीत एक गरीब पोर तिच्या बाहुलीला हात लावू पाहते, तर ही बया बाहुली हिसकावून पेटीत ठेवते. आईला लाज वाटते. ती त्या पोरीला लोकरीची बाहुली विणून देते. संकट एकच, मायलेकी वागल्या मात्र दोन तऱ्हांनी. नेमकं हेच मुलांनी शोधायचं असतं. वहीत तक्ता: अडचण कोणती, पात्राने काय केलं, त्यावरून स्वभाव काय दिसतो, आणि शेवटी तो पुरावा. कुठल्या पानावर?

हा पुरावा आमच्या घरात फार बोकाळलाय. "बाबा चिडलेत" म्हटलं की "कशावरून?" आजी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मी मजेत आहे हो," तर फोन ठेवल्यावर ही म्हणते, "आजीचं वागणं तसं सांगत नाही." बाईंना मी भेटीत म्हटलं, दहा वर्षांच्या मुलांना गोष्ट नुसती वाचू द्या की, रडू द्या. त्या हसून म्हणाल्या, रडू दे, पण कुठल्या वाक्याला रडली ते तिला सांगता यावं. वर हे सगळं मानकांतच आहे. २०१० साली आलेल्या 'कॉमन कोअर' या अमेरिकेतल्या शालेय मानकांमध्ये पात्रं अडचणींना कशी तोंड देतात हा मुद्दा दुसरीपासूनच आहे.

आता मला सांगा, आपण शिकलो नाही का? श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, आई फोकाने झोडपून काढते, हे वाचून आपण काय कमी समजलो? खाली प्रश्न यायचा, "यातून तुम्ही काय शिकलात?" आपण लिहायचो, "धैर्य." पैकीच्या पैकी मार्क. आणि धैर्य आलंही, नाहीतर विमानतळावर दोन बॅगा घेऊन एकटी उतरले नसते. पण श्याम तिथे भित्रा वागला, किंवा आईचा मार जरा जास्तच झाला, असं वहीत लिहायची आमच्या वर्गात कोणाची छाती नव्हती. इथे नायिकेला भर वर्गात स्वार्थी म्हणता येतं, पान नंबर दिला की झालं. हे मला आवडतं, कबूल. पण वर्गात भिंतभर 'चिकाटी'ची पोस्टरं. संकट आलं की माणूस सुधारलाच पाहिजे, असा एक आग्रह त्यातून झिरपतो. काही माणसं नुसती पिचतात. त्यांचा रकाना कुठाय?

म्हणून मीच तक्ता आखला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' रोज रात्री थोडी वाचून दाखवली. सावकार, जप्ती, आजारपण. म्हटलं, आता भर बघू, ही आई कर्जाला कशी सामोरी जाते.

तिने अडचणी भराभर लिहिल्या. पुराव्याच्या रकान्यात मात्र लिहिलं, "माहीत नाही. हे सगळं श्याम सांगतोय. आईला कोणी विचारलंच नाही."

यावर काय बोलणार? उन्हाळ्यात पुण्याला जाऊ तेव्हा आजीसमोर हे काढायचं नाही, एवढं बजावून ठेवलंय.