थंडीआधीची बाग, कामाची नोंद: आधी पाणी, मग बाकी सगळं

या वेळी कामांचा क्रम बदलला आहे. एरवी छाटणी आणि आच्छादन आधी हातात घेतलं जातं, कारण ते केलेलं लगेच दिसतं. पण थंडीतलं बरंचसं नुकसान नको तिथे राहिलेल्या पाण्यामुळे होतं: पाइपात, कुंडीच्या तळाशी, पन्हळीत. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढतं. त्याला वाढायला जागा नसेल तर भोवतालची वस्तू फुटते. जिथे पारा शून्याखाली उतरत नाही तिथे फुटण्याची काळजी सोडून द्या, पण मुळं कुजण्याचा धोका तिथेही आहेच.

ठिबक: पूर्ण

पाणी चालू ठेवूनच प्रत्येक लॅटरलची, म्हणजे झाडांपर्यंत जाणाऱ्या बारीक नळीची, शेवटची टोपी काढली. सुरुवातीला गढूळ पाणी आलं. ते स्वच्छ झाल्यावरच मुख्य कॉक बंद केला आणि सर्वांत खालच्या टोकातून लाइन रिकामी होऊ दिली. ही धुलाई टाळली तर आतला गाळ वाळून ड्रिपरच्या (थेंब सोडणाऱ्या तोटीच्या) तोंडाशी घट्ट बसतो आणि पुढच्या हंगामात निम्मी झाडं कोरडी का राहतात ते कळत नाही. फिल्टरची जाळी मऊ ब्रशने घासली. क्षारांचा पांढरा थर होता तिथे ती अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली.

सखल भागात अडकलेलं पाणी हवेने बाहेर काढायचं असेल तर दाब १ बारच्या आसपासच ठेवा. जास्त दाबाने ड्रिपर उडतात आणि जोड सुटतात.

बॉल व्हॉल्व्हची एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. व्हॉल्व्ह बंद असताना आतल्या गोळ्याच्या भोकात थोडं पाणी कोंडलेलं राहतं. बाकी लाइन कोरडी असली तरी तेवढं पाणी बॉडीला तडा द्यायला पुरतं. म्हणून घरातला मुख्य कॉक बंद ठेवायचा आणि बाहेरच्या रिकाम्या लाइनीवरच्या व्हॉल्व्हचा दांडा अर्धवट, म्हणजे ४५ अंशांवर ठेवायचा. टायमर उतरवून घरात आणला आणि त्यातले सेल काढले. सेल आत राहिले की गळतात आणि पत्र्यांवर हिरवट गंज चढतो.

कुंड्या: बऱ्याचशा झाल्या

प्रत्येक कुंडीत लिटरभर पाणी ओतून पाहिलं. पाच मिनिटांनीही वर पाणी दिसत असेल तर तळाचं भोक बुजलेलं आहे, बहुधा मुळांनीच. कुंडी आडवी करून खालून स्क्रूड्रायव्हरने भोक मोकळं करायचं. वरून सळई खुपसली तर मुळं तुटतात. खालच्या ताटल्या काढून टाकल्या आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर २-३ सेंटिमीटर उचलून ठेवल्या. भोक जमिनीला टेकलेलं असेल तर ते असून नसल्यासारखंच.

मातीच्या कुंडीची भिंत स्वतः पाणी पिते, त्यामुळे गोठल्यावर तिचे पापुद्रे सुटतात. सर्वांत आधी फुटतात त्या तोंडाशी निमुळत्या कुंड्या. सरळ उघडत जाणाऱ्या कुंडीत गोठलेली माती वर सरकू शकते, निमुळत्या तोंडाच्या कुंडीत ती अडकते. तशा कुंड्या आडोशाला भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेवल्या. गोणपाट गुंडाळायचं ते कुंडीला, कारण जमिनीतल्या मुळांना मातीचा उबारा मिळतो आणि कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी थंडी लागते. झाडावर प्लॅस्टिक मुळीच नको. आत दव साचतं, दिवसा उन्हाने हवा तापते आणि बुरशी धरते.

पाणी पूर्ण तोडायचं नाही. कोरडी माती दमट मातीपेक्षा लवकर थंड होते, आणि सदाहरित झाडं थंडीतही पानांतून पाणी गमावत असतात. वरची ३-४ सेंटिमीटर माती सुकली की सकाळी उशिरा पाणी द्यायचं, संध्याकाळी नाही.

उष्ण हवेतली झाडं रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जायच्या आधीच आत घेतली. आत नेण्यापूर्वी पानांची खालची बाजू आणि पेरांचे बेचके भिंगाने तपासणं आवश्यक आहे. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, बारीक जाळं आणि पानांवर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी. लिटरभर पाण्यात ५ मिलिलीटर सौम्य द्रवरूप साबण घालून फवारलं आणि ही झाडं दोन आठवडे बाकीच्यांपासून वेगळी ठेवली. घरातल्या कोरड्या, उबदार हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो.

छाटणी आणि खत: मुद्दाम थोडंच

नत्रयुक्त खत पहिल्या दंवाच्या, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीच्या, अंदाजाआधी सहा ते आठ आठवडे बंद केलं. उशिरा फुटलेली कोवळी पालवी सर्वांत आधी करपते. गुलाबाच्या फक्त उंच फांद्या तिसऱ्या हिश्श्याने उतरवल्या, वाऱ्याने झाड हलून बुंध्याशी पोकळी पडू नये म्हणून. त्या पोकळीत पाणी साचतं, गोठतं आणि मूळ सैल होतं. मुख्य छाटणी हिवाळा सरताना.

आच्छादनासाठी पाचोळा ५ ते ८ सेंटिमीटर जाड पसरायचा, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडायची. खोडाला टेकलेला ओला पाचोळा साल कुजवतो. माती पुरती थंड झाल्याशिवाय हे काम करायचं नाही, म्हणून ते तूर्त थांबलं आहे.

पन्हळ आणि खिडक्या

पन्हळ साफ करून बादलीभर पाणी ओतलं. जिथे डबकं राहिलं तिथला हूक वर घेतला. मीटरला २ ते ५ मिलिमीटर उतार पुरतो. खिडकीच्या फटी तपासायला कागदाची पट्टी ठेवून खिडकी बंद करायची. पट्टी सहज निसटली तर तिथलं रबर बदलायचं.

अवजारं

माती धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून पात्यांना तेलाचा हात दिला. लाकडी दांडे १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून जवसाचं उकळलेलं तेल चोळलं. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाही. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

राहिलेलं: डेलियाचे कंद

पहिल्या दंवाने पानं काळी पडेपर्यंत ते जमिनीतच राहतील. मग देठ १०-१५ सेंटिमीटरवर कापायचे, बुंध्यापासून फूटभर लांबून कुदळ लावून गड्डा उचलायचा, माती झटकायची आणि गड्डा काही दिवस उलटा टांगायचा. देठ पोकळ असतो, सरळ ठेवला तर त्यातलं पाणी मानेशी, म्हणजे देठ आणि कंद जुळतात तिथे, उतरतं आणि तिथूनच कुज सुरू होते. नवे कोंब फुटणारे डोळे त्या मानेपाशीच असतात, ती गेली तर टपोरा कंदही फुटत नाही. साठवण किंचित दमट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), अंधारात, ४ ते ७ अंशांवर. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये. महिन्यातून एकदा कंद चाचपायचे: मऊ पडलेला भाग निरोगी गरापर्यंत कापून टाकायचा, आणि सुरकुतलेल्या कंदांवर पाण्याचा हलका फवारा द्यायचा.