अमेरिकी टॉक रेडिओ: भाषणाआधी घड्याळ बघा

अमेरिकेतल्या उजव्या टॉक रेडिओबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, त्यात होस्ट काय बोलला एवढंच असतं. किती मिनिटांनी बोलला, कुठे थांबला, कोणाचा फोन आधी घेतला, याकडे फारसं कोणी बघत नाही. खरी गोम तिथेच आहे. आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. त्यामुळे एकच माणूस रोज तीन तास राजकारणावर बोलतोय आणि लाखो लोक गाडी चालवताना ऐकताहेत, हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर पटकन उभं राहत नाही.

एक तास जवळून बघू. पूर्व किनाऱ्यावर दुपारचे १२. हीच वेळ १९८८ च्या ऑगस्टपासून रश लिंबॉ या उजव्या होस्टची होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी ती क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन या जोडीकडे गेली. पहिली पाच-सहा मिनिटं बातम्या आणि जाहिराती. १२:०६ च्या सुमारास संगीत वाजतं आणि होस्टचं एकट्याचं बोलणं सुरू होतं. फोन सहसा नंतर. हे बोलणं १२:१८-१२:२० पर्यंत न थांबता चालतं आणि मग जाहिराती येतात. सव्वाबाराला कधी ब्रेक का नाही? कारण श्रोते मोजण्याची पद्धत.

पूर्वी आर्बिट्रॉन आणि आता नील्सन ही कंपनी तासाचे चार तुकडे पाडते: ०० ते १५, १५ ते ३० असे. एका तुकड्यात श्रोता पाच मिनिटं थांबला की ती पूर्ण १५ मिनिटं स्टेशनच्या खात्यात. म्हणजे १२:१० ते १२:२० एवढी १० मिनिटं ऐकणारा माणूस दोन तुकड्यांचं माप देऊन जातो. म्हणून बोलणं १५ आणि ४५ या खुणांच्या अलीकडून पलीकडे न्यायचं, आणि ब्रेक तुकड्याच्या पोटात टाकायचे. १२:१३ ला होस्ट म्हणतो, ‘सिनेटमध्ये काल काय शिजलं ते सांगतो, पण त्याआधी हे ऐका’, तेव्हा तो विषयांतर करत नसतो, खूण ओलांडत असतो. मोठ्या शहरांत आता श्रोत्याने भरायच्या डायरीऐवजी मीटर असतो. प्रसारणात कानाला न कळणारा संकेत मिसळलेला असतो आणि श्रोत्याजवळचं यंत्र तो टिपतं. २०२५ पासून मीटरच्या शहरांत पाचाऐवजी तीन मिनिटं पुरतात.

आता पैसा. लिंबॉ यांचे भागीदार एड मॅक्लॉफ्लिन यांनी १९८८ मध्ये छोट्या स्टेशनांना परवडेल असा सौदा मांडला: कार्यक्रम घ्या, त्याबदल्यात तासातली काही जाहिरातींची मिनिटं आमची, उरलेली तुमची. याला तिथे बार्टर म्हणतात. गावातल्या स्टेशनला होस्ट नको, निर्माता नको, तीन तास भरलेले, आणि स्थानिक टायरवाल्याची किंवा दंतवैद्याची जाहिरात विकून येणारा पैसा आपला. कार्यक्रम उपग्रहावरून येतो. ब्रेकच्या क्षणी रिसीव्हर एक संकेत देतो आणि स्टेशनचा संगणक स्थानिक जाहिराती सुरू करतो. घोळ होतो तो इथे. संकेत चुकला तर टायरवाल्याची जाहिरात लागतच नाही, आणि नेटवर्कने रिकाम्या वेळेसाठी पाठवलेलं संगीत किंवा लोकहिताची सूचना हवेत जाते. तासाच्या शेवटचा ब्रेक कडक असतो. होस्टचं वाक्य अर्धं राहिलं तरी संगणक कापतो. म्हणून कसलेल्या होस्टची नजर शेवटच्या मिनिटाला सेकंदकाट्यावर असते आणि तो क्रियापद वेळेत गाठतो. हे कौशल्य आहे, त्याचं राजकारण पटो न पटो.

फोनची गोष्ट याहून महत्त्वाची. श्रोता थेट होस्टपर्यंत पोहोचत नाही, आधी स्क्रीनर असतो. तो नाव, गाव आणि मुद्दा विचारतो. मुद्दा एका वाक्यात सांगता आला नाही तर फोन तिथेच संपतो. जमलं तर ते वाक्य होस्टच्या पडद्यावर जातं. मग सूचना: स्पीकर बंद करा, रेडिओ बंद करा. रेडिओ चालू ठेवणारा हमखास अडखळतो, कारण प्रसारण काही सेकंद मागे असतं आणि स्वतःचाच आवाज उशिरा कानावर येऊन जीभ गोंधळते. अनेक कार्यक्रमांत विरोधी मताच्या माणसाला रांगेत पुढे घेतात. वाद ऐकायला लोक थांबतात, हे एक कारण. दुसरं असं की गडबडलेला विरोधक होस्टला आयती संधी देतो. हे ओळखलं की ‘बघा, त्यांच्याकडे उत्तरच नाही’ या वाक्याला किती वजन द्यायचं ते कळतं. समोरचा हौशी असतो आणि फोनचं बटण होस्टच्या हातात.

प्रसारणातला तो काही सेकंदांचा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. सकाळी ६ ते रात्री १० मध्ये अश्लील शब्द हवेत गेला तर एफसीसी, म्हणजे तिथलं प्रसारण नियामक मंडळ, दंड करू शकतं. २००६ च्या कायद्याने त्याची कमाल मर्यादा एका उल्लंघनाला ३,२५,००० डॉलरवर नेली. म्हणून डंप बटण. ते दाबलं की साठवलेले सेकंद गळतात आणि शिवी हवेत जात नाही. पण आता उशीर संपलेला किंवा निम्मा झालेला असतो, तो परत साठवायला यंत्र बोलणं कानाला जाणवणार नाही इतकं ताणत नेतं. त्या अवधीत दुसरी शिवी आली तर संरक्षण कमी असतं.

हे सगळं उभं कसं राहिलं? सगळीकडे एकच उत्तर मिळतं: फेअरनेस डॉक्ट्रिन गेली. अर्धं खरं. १९४९ च्या या धोरणानुसार वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजूंना वाव देणं स्टेशनवर बंधनकारक होतं. पेनसिल्व्हेनियातल्या रेड लायन गावच्या स्टेशनवर १९६४ मध्ये बिली जेम्स हार्गिस या धर्मोपदेशकाने फ्रेड कुक या पत्रकारावर टीका केली. कुकने उत्तरासाठी फुकट वेळ मागितला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. १९८७ च्या जूनमध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, हे धोरण कायद्यात घालायचा प्रयत्न केला, रीगन यांनी नकाराधिकार वापरला, आणि ऑगस्टमध्ये एफसीसीने धोरण सोडून दिलं. रीगन स्वतः रेडिओचा माणूस; १९७५ ते १९७९ मध्ये ते रोजची छोटी राजकीय भाष्यं करत. उमेदवारांना समान वेळ देण्याचा नियम मात्र वेगळा आहे आणि तो अजून लागू आहे. या दोहोंची गल्लत करू नये.

उरलेलं अर्धं कारण तांत्रिक. सत्तरच्या दशकाच्या शेवटी संगीताचे श्रोते एफएमकडे गेले. एएमवर, म्हणजे आपल्या मीडियम वेव्हवर, खरखर आणि तोकडा आवाज, गाण्याला निरुपयोगी. माणसाच्या बोलण्याला मात्र पुरेसा. शिवाय ५०,००० वॉटचं एएम स्टेशन रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर ऐकू येतं. मालकांकडे दूरवर पोहोचणारी, पण गाणी नसलेली स्टेशनं पडून होती. नियम हटला, उपग्रह स्वस्त झाला, लिंबॉ तयार होते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. नुसता नियम हटून हे झालं असतं असं मला वाटत नाही. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभरातल्या स्टेशनांच्या मालकीवरची मर्यादा काढली. क्लिअर चॅनल ही कंपनी वाढत वाढत बाराशेच्या आसपास स्टेशनांपर्यंत पोहोचली, आणि एकच होस्ट शेकडो गावांत लावणं सोपं झालं.

याचा राजकीय जोर मोजायचा तर २००७ चं स्थलांतर विधेयक बघा. बुश यांचा पाठिंबा, दोन्ही पक्षांतले पुढारी सोबत. टॉक रेडिओने आठवडेच्या आठवडे त्याला ‘अ‍ॅम्नेस्टी’, म्हणजे बेकायदा आलेल्यांना माफी, म्हटलं आणि सिनेटरांना फोन करायला लावलं. मतदानाच्या दिवशी, २८ जूनला, कॅपिटल या संसद भवनाचा टेलिफोन बोर्ड कोलमडला आणि चर्चा संपवण्याचा ठराव ४६ विरुद्ध ५३ मतांनी पडला, त्याबरोबर विधेयकही. त्या विधेयकात नोकरीच्या ग्रीनकार्डासाठी गुणांची पद्धतही होती. न्यू जर्सीतल्या एडिसन-प्लेन्सबरोच्या मराठी घरांनी म्हणूनच हा इतिहास माहीत करून घ्यावा.

डाव्यांनी २००४ मध्ये एअर अमेरिका ही रेडिओ वाहिनी काढून बघितली, ती जानेवारी २०१० मध्ये बंद पडली. बऱ्याच शहरांत त्यांच्या वाट्याला कमकुवत सिग्नलची स्टेशनं आली, पैशाचा कारभार ढिसाळ, आणि त्यांचा श्रोता एनपीआर या सार्वजनिक रेडिओकडे आधीच स्थिरावलेला.

जाहिरातींनाही एक कडेलोट आला. २०१२ मध्ये लिंबॉ यांनी जॉर्जटाउनच्या एका विद्यार्थिनीला अत्यंत गलिच्छ शब्द वापरले. ते शब्द माफीलायक नव्हते, आणि आलेली माफीही तुटपुंजी होती. मोठ्या ब्रँडनी हात काढून घेतले. त्यांची जागा सोनं, कर-तडजोड, साठवणीचं अन्न विकणाऱ्यांनी भरली, आणि होस्ट त्या जाहिराती स्वतःच्या आवाजात वाचतो. बातमीच्याच सुरात वाचतो, म्हणून वाक्य कुठून जाहिरातीचं झालं ते कान देऊन ऐकावं लागतं.

आता प्रश्न मोटारींचा. विजेच्या गाडीच्या मोटरचा विद्युतचुंबकीय गोंगाट नेमका एएम पट्ट्यात घुसतो. तो अडवायला आवरण आणि फिल्टर लागतात, खर्च वाढतो. टेस्लाने आपल्या गाड्यांतून एएम काढलं. फोर्डनेही तसं जाहीर केलं आणि मे २०२३ मध्ये माघार घेतली. त्याच महिन्यात टेड क्रूझ आणि एड मार्की या विरुद्ध टोकाच्या दोन सिनेटरांनी प्रत्येक गाडीत एएम सक्तीचं करणारं विधेयक आणलं. कारण दिलं आपत्तीच्या इशाऱ्यांचं, आणि ते खोटं नाही: संघराज्याच्या इशाऱ्यांची जी ७७ मुख्य केंद्रं आहेत त्यात एएम स्टेशनंच जास्त आहेत. पण क्रूझ यांच्या पक्षाचा आवाजही त्याच पट्ट्यावर राहतो, हे वॉशिंग्टनमध्ये कोणाला सांगावं लागत नाही.