आमची वाटचाल : आधी बिघाड दिसू दे, मग गॅसचं बोलू

सांगली-मिरज रस्त्याला विश्रामबागच्या पुढं २००६ साली आम्ही गाड्यांच्या एसीचं काम सुरू केलं. भाड्याचा गाळा, गॅसचं प्रेशर मोजायचा एक गेज सेट, जुना व्हॅक्यूम पंप, मी आणि माझा धाकटा भाऊ. मी कोल्हापुरात एका मिस्त्रींच्या हाताखाली ऑटो इलेक्ट्रिक शिकलो होतो, भावानं आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला होता. ही जोडी पुढं फार कामाला आली. जुन्या गाडीचा एसी मधूनच बंद पडतो आणि मधूनच आपोआप सुरू होतो, तेव्हा दोष वायरिंगचा की गॅसच्या बाजूचा, हेच आधी ठरवावं लागतं.

सुरुवातीला येणाऱ्या गिऱ्हाइकांची तक्रार जवळपास एकच असायची : “गॅस भरला, थोडे दिवस बरं चाललं, परत तेच.” एसी गार करत नाही म्हटलं की गॅस मारायचा, अशीच रीत होती. पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला तर कुठून तरी गळलेला असतो, आणि ती जागा सापडल्याशिवाय वरून भरणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे हवेत सोडणं. शिवाय सकाळी कडक गार आणि दुपारी नुसता वारा, अशी तक्रार असेल तर कमी गॅसवर माझा संशय शेवटी जातो.

गेज लावून, गाडी बंद असताना काटा बघून “गॅस कमी आहे” म्हणणारेही पुष्कळ. आर-१३४ए गॅसचं बंद गाडीतलं प्रेशर २५ अंशाला साधारण ८० पीएसआय असतं आणि ४० अंशाला १३० च्या आसपास. सिस्टीममध्ये थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तरी काटा तेवढंच दाखवतो. म्हणजे तो हवामान सांगतो, गॅस किती आहे ते सांगत नाही. छोट्या गाडीत सगळा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास गॅस मावतो. त्यात अंदाजानं वरून भरत गेलं की जास्त होतो, एप्रिलच्या उन्हात हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसचं, प्रेशर चढतं आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. गाडी सावलीत लावली की एसी परत सुरू. अशा कितीतरी गाड्यांमधून आम्ही गॅस काढून, वजनकाट्यावर मोजून पुन्हा भरला. दुसरं काही करावंच लागलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पाना हातात घ्यायच्या आधी प्रश्न विचारायची पद्धत पडली. सिग्नलला थांबल्यावर गरम आणि पळताना गार होत असेल, तर कंडेन्सरचा, म्हणजे गरम गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा, फॅन किंवा कचऱ्यानं बुजलेली ती जाळी बघायची. इकडं ऊस तोडणीच्या दिवसांत पाचटाचा बारीक कचरा जाळीत जाऊन बसतो. वाऱ्याचा जोरच कमी होत जातो आणि एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला की थोड्या वेळानं जोर परत येतो? मग कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय, थर्मोस्टॅट किंवा सेन्सर वेळेवर कॉम्प्रेसर बंद करत नाही. वारा तसाच, पण गारवा गेला, लो साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडं परत येणाऱ्या गॅसचा, काटा शून्याच्याही खाली उतरला आणि गाडी थोडी थांबवली की परत ठीक? तर सिस्टीममध्ये ओल आहे, कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी बर्फाचा कण अडकतोय. तिथं ओल शोषणारा ड्रायर बदलून, पंपानं आतली हवा आणि ओल काढत व्हॅक्यूम नीट ओढावा लागतो, आणि या कामात घाई करणारा माणूस मला चालत नाही.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे गॅरेजमध्ये गाडी गुणी बाळासारखी चालते आणि रस्त्यावर रुसते. जतकडून मिरजेच्या दवाखान्यांना पेशंट आणणारे एक सात सीटरवाले होते. दुपारच्या फेरीला एसी बंद पडायचा, आणि मागं आजारी माणूस घामानं निथळायचा. त्यांना कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं गेलं होतं. ती रक्कम त्यांच्या आवाक्यातली नव्हती. आमच्याकडे आले की गाडी ठणठणीत. मग भावानं कॉम्प्रेसरच्या क्लचच्या (विजेच्या चुंबकानं प्लेट ओढून फिरती पुली कॉम्प्रेसरला जोडणारा भाग) वायरीवरून फ्यूज टाकलेली एक बारीक वायर केबिनमध्ये आणली आणि स्टिअरिंगजवळ इंडिकेटरचा छोटा दिवा बसवला. म्हटलं, “दादा, नेहमीसारखी गाडी चालवा. गार हवा गेली की दिवा जळतोय का विझलाय, एवढंच फोन करून सांगा.”

फोन आला : “मालक, कवठ्याच्या पुढं आलो की दिवा जळतोय, पण गार न्हाई.”

त्यातच सगळं आलं. दिवा विझला असता तर रिले, स्विच, वायर, अर्थिंग अशी उलटी शोधाशोध करावी लागली असती. दिवा जळतोय म्हणजे करंट क्लचपर्यंत पोचतोय, पण क्लच पकडत नाही. झिजून झिजून प्लेट आणि पुलीमधली फट वाढलेली असते. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. तासभर चालून क्लचची कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, चुंबकाची ओढ कमी पडते आणि एवढ्या फटीतून प्लेट खेचली जात नाही. थंड झाली की परत पकडते. आम्ही आतली एक शिम, म्हणजे पातळ चकती, काढून फट कमी केली. कॉम्प्रेसर तोच ठेवला. त्यांनी नंतर जतकडचे इतके गाडीवाले पाठवले की गाळा अपुरा पडायला लागला.

ऑगस्ट २०१९ चा महापूर मात्र वेगळीच कामं घेऊन आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभाग, मारुती चौक भागातल्या किती गाड्या पाण्यात होत्या! धुऊन, वाळवून त्या सुरू झाल्या. एसीच्या तक्रारी पुढं कित्येक महिने येत राहिल्या. पुराचं पाणी वायरीच्या आवरणाच्या आत चढतं, तांबं हिरवं पडतं, वरून वायर नवी दिसते. खड्ड्यात गाडी आपटली की करंट तुटून क्लच सुटतो, पुढच्या खड्ड्यात परत पकडतो. डॅशबोर्डखालची अर्थिंगची जागा गाळानं गंजलेली. मल्टिमीटर लावून, वायर हलवत हलवत, एकेक जोड तपासत जायचं. त्यावेळी माझ्या वायरिंगच्या हाताला खरा कस लागला. पूरग्रस्तांच्या गाड्यांना तपासणीचे पैसे घ्यायचे नाहीत, असं आम्ही घरात बसून ठरवलं आणि ते पाळलं.

आज आमच्याकडे चार मुलं शिकतात. गाडी आली की तक्रार वहीत गिऱ्हाइकाच्या शब्दांत लिहायची, आपल्या शब्दांत नाही, हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगतो. ती वही माझी पत्नी सांभाळते. काम झाल्यावर पंधरवड्यानं गिऱ्हाइकाला फोन करून विचारपूसही तीच करते. बिघाड सापडला नाही तर तसं स्पष्ट सांगतो, दिवा लावून देतो आणि तोवर गॅसचं बिल करत नाही.

जुनी गाडी आणणार असाल तर एक करा. ती ज्या वेळी त्रास देते त्याच वेळी आणा, दुपारी तर दुपारी, एसी चालू ठेवून, न थांबता थेट आमच्या दारात. बॉनेट उघडायला आम्ही तयार असतो.